विजया आणि हेम्पच्या उत्पादनांचा चाचणी अहवाल : मुंबईतील नवख्यांसाठी पायरीपायरीने

मुंबईत आज वैद्याच्या चिठ्ठीवर विजया, म्हणजे आयुर्वेदातली भांग, हिच्या अर्काचे तेल मिळते आणि हेम्पच्या, म्हणजे त्याच झाडाच्या नशा जवळजवळ नसलेल्या वाणाच्या, बिया, त्यांचे पीठ व तेल ऑनलाइन मागवले की घरपोच येते. दोन्हींच्या वेष्टनावर किंवा विक्रेत्याच्या संकेतस्थळावर ‘प्रयोगशाळेत तपासलेले’ अशी ग्वाही असते आणि क्यूआर कोड टिपला की दोन-चार पानांचा अहवालही उघडतो. अडचण तिथून पुढे सुरू होते, कारण तो अहवाल वाचायचा कसा हे कोणी सांगत नाही. घरातल्या रुग्णाला हे तेल सुरू झालेले नातेवाईक, असा माल दुकानात ठेवू पाहणारे छोटे विक्रेते आणि रसायनशास्त्राची पदवी घेऊन चाचणी प्रयोगशाळेत नुकतेच रुजू झालेले तरुण, यांना समोर ठेवून हा लेख लिहिला आहे. अहवालात छापलेला आकडा आपल्या हातातल्या बाटलीला खरोखर लागू होतो का, हा एकच प्रश्न त्यात लावून धरला आहे. औषध घ्यावे की घेऊ नये, किती घ्यावे, हे वैद्यांनी किंवा डॉक्टरांनी ठरवायचे असते; त्यात हा लेख पडत नाही.

पायरी १ : वस्तू कायद्याच्या कोणत्या कप्प्यात बसते ते आधी ठरवा

कोणत्या चाचण्या हव्यात आणि कोणती मर्यादा लावायची, हे वस्तू कशाखाली विकली जाते यावर अवलंबून असते. गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेला एनडीपीएस कायदा, यात चरस म्हणजे झाडाचा राळेसारखा स्राव, आणि गांजा म्हणजे फुलांचे किंवा फळांचे शेंडे, अशी व्याख्या आहे. बिया आणि शेंड्यांशिवायची पाने गांजाच्या व्याख्येतून वगळलेली आहेत. पानांची भांग त्यामुळे या व्याख्येबाहेर राहिली, तरी महाराष्ट्रात ती मोकळी नाही. मद्यनिषेधाच्या १९४९ च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय भांग बाळगणे आणि विकणे येथे गुन्हा आहे. उत्तरेत सरकारी ठेक्यावर भांग मिळते म्हणून ती मुंबईतही चालते, हा समज होळीच्या आसपास पुष्कळांना महागात पडू शकतो.

वैध वाटा मुख्यतः दोन. पहिली आयुर्वेदिक औषधाची. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या कायद्याखालील नियमांत अनुसूची ई(१) मध्ये भांगेचा, बिया सोडून, समावेश आहे. म्हणून अशा औषधाच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक असलाच पाहिजे. महाराष्ट्रात हे परवाने अन्न व औषध प्रशासन देते आणि त्याचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. दुसरी वाट अन्नाची. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२१ मध्ये हेम्पच्या बिया, त्यांचे पीठ व तेल यांना अन्न म्हणून मान्यता दिली आणि त्यासोबत कडक मर्यादा घातल्या : बिया व पिठात एकूण टीएचसी (नशा आणणारा मुख्य घटक) किलोला ५ मिलिग्रॅम, तेलात १० मिलिग्रॅम, बियांपासून केलेल्या पेयात ०.२ मिलिग्रॅम, आणि सीबीडी (याच झाडातला, नशा न आणणारा घटक) किलोला ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही.

या शेवटच्या आकड्याचा एक तात्काळ उपयोग करता येतो. समजा, ५ ग्रॅमच्या गमीवर, म्हणजे चघळायच्या जेलीसारख्या गोळीवर, ‘२५ मिलिग्रॅम सीबीडी’ असे छापले आहे आणि खाली एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आहे. २५ मिलिग्रॅम ५ ग्रॅममध्ये म्हणजे किलोला ५,००० मिलिग्रॅम. अन्नाची मर्यादा ७५ ची. म्हणजे एकतर छापलेला आकडा खोटा आहे किंवा परवान्याचा वापर चुकीचा आहे, आणि दोन्ही परिस्थितींत अहवाल उघडण्याची गरजच उरत नाही. परदेशातून आलेल्या पाकिटांसोबतचे अहवाल त्या देशाच्या मर्यादांशी ताडलेले असतात. त्यावरचा ‘पास’ हा शिक्का येथे काहीही सिद्ध करत नाही.

जो माल या दोन्ही वाटांनी आलेला नाही, म्हणजे गांजा, चरस किंवा कोणी हातात ठेवलेले बिननावाचे तेल, तो ‘तपासून घेऊ’ म्हणून पिशवीत घालून प्रयोगशाळेकडे निघू नये. असा पदार्थ जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे आणि कोणतीही जबाबदार प्रयोगशाळा तो खासगी व्यक्तीकडून स्वीकारणार नाही. कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत पोलिसांनी जप्त केलेले नमुने जातात. तिथे प्रश्न असतो तो पदार्थ गांजा किंवा चरस आहे का हा. त्यात बुरशी किंवा शिसे किती हे पाहणे तिचे काम नाही.

पायरी २ : अहवाल आणि बाटली समोरासमोर ठेवा

आकडे वाचण्याआधी बॅच क्रमांक जुळवावा. हे इतके साधे आहे की बहुतेक जण ते करत नाहीत. बाटलीवरचा बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना, उत्पादनाचे पूर्ण नाव आणि अहवालातील ‘नमुन्याचे वर्णन’ हे शब्दशः जुळले पाहिजे. अहवालावर नमुना मिळाल्याची, चाचणी सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख असते. चाचणीची तारीख उत्पादनाच्या तारखेआधीची असेल, तर तपासणी बहुधा कच्च्या अर्काची झाली आहे आणि तयार तेलाची झालेलीच नाही. अर्क तपासून तो तेलात मिसळणे यात गैर काही नाही, पण मग मिसळताना प्रमाण बरोबर पडले का आणि वापरलेले तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल स्वच्छ होते का, याचे उत्तर त्या कागदात नाही.

अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘निकाल फक्त चाचणी केलेल्या नमुन्यापुरते’ आणि ‘नमुना ग्राहकाने आणून दिलेला’ अशा अर्थाची वाक्ये असतात. ती केवळ उपचार म्हणून छापलेली नाहीत. नमुना उत्पादकानेच निवडून पाठवला असेल, तर प्रयोगशाळा प्रामाणिक असूनही निकाल निवडक असू शकतो. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकाच भांड्यात शिजतो म्हणून. येथे चांगल्या डब्यातले शीत वेगळे काढून पाठवण्याची सोय उत्पादकाच्या हातात असते. म्हणून प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः जाऊन नमुना घेतल्याचा उल्लेख ज्या अहवालात असेल, त्याला मी जास्त वजन देतो.

पीडीएफमध्ये बदल करणे हल्ली अवघड राहिलेले नाही. शंका आली तर अहवाल क्रमांक देऊन थेट प्रयोगशाळेला ईमेलने विचारावे, आणि तिचा पत्ता विक्रेत्याच्या पानावरून न घेता स्वतंत्रपणे शोधावा.

पायरी ३ : प्रयोगशाळेला त्या चाचणीची मान्यता आहे का ते पाहा

अंधेरी, ठाणे आणि नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात खासगी चाचणी प्रयोगशाळा पुष्कळ आहेत आणि त्यांतील अनेकींच्या अहवालावर एनएबीएल या, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचे चिन्ह दिसते. या चिन्हाचा अर्थ असा की प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ या मानकानुसार काही ठरावीक चाचण्यांसाठी मान्यता मिळाली आहे. ‘ठरावीक’ हा शब्द येथे महत्त्वाचा. एखाद्या प्रयोगशाळेला मसाल्यांतील शिसे मोजण्याची मान्यता असेल आणि कॅनाबिनॉइड, म्हणजे टीएचसी, सीबीडी यांसारखे या झाडातले घटक, मोजण्याची नसेल, असे सहज घडते. मान्यतेची व्याप्ती, जिला या क्षेत्रात सगळे ‘स्कोप’ म्हणतात, ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेचे नाव किंवा प्रमाणपत्र क्रमांक टाकून पाहता येते. त्यात पदार्थाचा गट, चाचणीचे नाव, पद्धत आणि मोजता येणारी मर्यादा असे रकाने असतात. आपल्या अहवालातील ओळ तिथे सापडली पाहिजे. मान्यताप्राप्त चाचण्यांच्या अहवालावर यूएलआर हा एकमेव क्रमांकही असतो. आयुर्वेदिक औषधांच्या बाबतीत औषध नियमांखाली मान्यता मिळालेल्या प्रयोगशाळांची आणखी एक वेगळी यादी असते.

कॅनाबिनॉइडची चाचणी मोजक्याच ठिकाणी होते, याला कारण आहे. उपकरणावर टीएचसी मोजायचे तर तुलनेसाठी ज्ञात शुद्धतेचे टीएचसी लागते, आणि ते संदर्भद्रव्य स्वतःच एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत येते. ते रीतसर मिळवणे, नोंदवहीत त्याचा हिशेब ठेवणे आणि कुलपात सांभाळणे हे सर्व प्रयोगशाळेला करावे लागते. नव्याने रुजू झालेल्या विश्लेषकाने पहिल्याच आठवड्यात ही नोंदवही पाहून घ्यावी. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेने २०२४ मध्ये हेम्पच्या वनस्पतीचे संदर्भद्रव्य उपलब्ध केले, यावरून या मापनाची शिस्त किती अलीकडची आहे हे लक्षात येईल.

पायरी ४ : सामर्थ्याचे आकडे वाचा

सामर्थ्य म्हणजे मालात टीएचसी, सीबीडी वगैरे किती आहे ते. ही पायरी सर्वांत लांब आहे, कारण गफलती येथेच जास्त होतात.

ताज्या झाडात टीएचसी फारसे नसते. असते ते टीएचसीए, म्हणजे त्याचे आम्लरूप, आणि त्याने नशा येत नाही. उष्णता मिळाली की टीएचसीएमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरते. रेणूचा एक भाग उडून गेल्याने वजन घटते. १ ग्रॅम टीएचसीएपासून जास्तीत जास्त ०.८७७ ग्रॅम टीएचसी मिळते. म्हणून ‘एकूण टीएचसी’ काढताना मोजलेल्या टीएचसीमध्ये टीएचसीएच्या ०.८७७ पट मिळवतात. सीबीडी आणि सीबीडीए यांनाही हाच गुणक लागतो.

आता एक नमुना घेऊ. वाळलेल्या पानांत टीएचसी ०.०४ टक्के आणि टीएचसीए ०.२८ टक्के निघाले. कोणी केवळ टीएचसीची ओळ दाखवली तर माल जवळपास निर्मळ वाटेल. दोन्ही आकडे सरळ मिळवले तर ०.३२ टक्के होतात. गुणक लावून हिशेब केला तर ०.२९ टक्के येतात, म्हणजे अमेरिकेने २०१८ मध्ये हेम्पसाठी घातलेल्या आणि उत्तराखंडनेही औद्योगिक लागवडीसाठी स्वीकारलेल्या ०.३ टक्क्यांच्या आत. पण त्या पानांत १० टक्के ओलावा असेल आणि मर्यादा कोरड्या वजनावर मोजायची असेल, तर ०.२९ ला ०.९ ने भागावे लागते आणि उत्तर ०.३२ च्या जवळ जाते. नमुना एकच, मोजणीही एकच, तरी निकाल आत किंवा बाहेर. म्हणून ‘एकूण’ की नुसते, आणि ‘आहे त्या स्थितीत’ की ‘कोरड्या वजनावर’, ही दोन विशेषणे आकड्याइतकीच काळजीपूर्वक वाचावीत.

पद्धतीचे नावही पाहावे. एचपीएलसीमध्ये नमुना द्रवातून, साधारण तापमानाला वेगळा केला जातो, त्यामुळे आम्लरूप आणि मूळ रूप स्वतंत्र मोजता येतात. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापलेल्या भागातून जातो आणि तिथेच टीएचसीएचे टीएचसी होऊन जाते. नमुन्यावर आधी वेगळी रासायनिक प्रक्रिया केली नसेल तर या पद्धतीने दोन्हींची फोड मिळत नाही. गॅस पद्धतीच्या अहवालात टीएचसीएची ओळ दिसत असेल, तर ती कशी आली हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

त्यानंतर एककांचा प्रश्न येतो. लेबलवर बहुधा मिलिलीटरमागे मिलिग्रॅम असतात आणि अहवालात टक्के किंवा ग्रॅममागे मिलिग्रॅम. तिळाच्या तेलाची घनता सुमारे ०.९२ असते. अहवालात ५ टक्के, म्हणजे ग्रॅमला ५० मिलिग्रॅम सीबीडी असेल, तर मिलिलीटरला साधारण ४६ मिलिग्रॅम पडते. ३० मिलिलीटरच्या बाटलीवर ‘१५०० मिलिग्रॅम’ लिहिले असेल, तर मिलिलीटरला ५० हवे होते. हा फरक फसवणुकीचा नसून घनता विसरल्याचा असू शकतो, पण रुग्णाचे थेंब ठरवताना तो माहीत असलेला बरा. थेंबांचेही तसेच आहे. मिलिलीटरला २० थेंब हा ढोबळ नियम आहे, प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा असतो, त्यामुळे खुणा असलेला ड्रॉपर वापरणे चांगले.

आपल्याकडच्या लेबलांत आणखी एक खाचखळगा आहे. ‘विजया पत्र अर्क १५०० मिलिग्रॅम’ याचा अर्थ १५०० मिलिग्रॅम टीएचसी किंवा सीबीडी असा होत नाही. अर्कात मेण, हरितद्रव्य आणि इतरही बरेच काही असते. दोन कंपन्यांच्या अर्काचे वजन सारखे असूनही त्यांतील टीएचसीचे प्रमाण कितीतरी वेगळे असू शकते. बाटली बदलताना अर्काचे मिलिग्रॅम जुळवून तीच मात्रा चालू ठेवू नये. प्रत्येक कॅनाबिनॉइडचा आकडा अहवालातून घेऊन तो वैद्यांना दाखवावा.

लेबल आणि प्रत्यक्ष यांतील तफावत किती असू शकते, याचे एक चांगले नोंदलेले उदाहरण २०१७ मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आले. ऑनलाइन विकत घेतलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांपैकी केवळ २६ मध्ये लेबलइतके सीबीडी होते. कित्येकांत लेबलपेक्षा जास्त होते, उरलेल्यांत कमी, आणि १८ नमुन्यांत टीएचसी सापडले. मुंबईत याचा फटका बसू शकणारा एक मोठा वर्ग म्हणजे व्यापारी जहाजांवर जाणारे खलाशी आणि अधिकारी. बोटीवर रुजू होण्यापूर्वी लघवीची मादक द्रव्यांसाठी चाचणी होते आणि प्राथमिक चाचणीची प्रचलित मर्यादा मिलिलीटरला ५० नॅनोग्रॅम इतकी खाली असते. ‘हे तर फक्त सीबीडी होते’ हे सांगून नोकरी वाचत नाही.

सीबीएन या ओळीकडेही नजर टाकावी. हवा, प्रकाश आणि काळ यांच्या परिणामाने टीएचसी झिजते आणि सीबीएन वाढते. ताज्या म्हणून विकलेल्या मालात ते लक्षणीय असेल, तर माल जुना आहे किंवा नीट ठेवलेला नाही.

पायरी ५ : ‘आढळले नाही’ याचा अर्थ तपासा

या शब्दांचा अर्थ शून्य असा होत नाही. अर्थ एवढाच की या पद्धतीने जेवढे किमान दिसू शकते त्याहून कमी होते. ते किमान किती, हे ‘एलओडी’ आणि ‘एलओक्यू’ या रकान्यांत असते. पहिल्याला शोधमर्यादा आणि दुसऱ्याला विश्वासाने मोजता येण्याची मर्यादा म्हणता येईल. समजा, हेम्प बियांच्या तेलाच्या अहवालात ‘टीएचसी आढळले नाही’ असे आहे आणि शेजारी मोजमर्यादा ०.०५ टक्के दिली आहे. ०.०५ टक्के म्हणजे किलोला ५०० मिलिग्रॅम, आणि अन्नाची मर्यादा आहे किलोला १० मिलिग्रॅम. हा अहवाल त्या तेलाच्या वैधतेविषयी काहीच सांगत नाही, मग त्यावर शिक्के कितीही असोत. मोजमर्यादांचा रकानाच नसेल, तर तो मागावा आणि मिळाला नाही तर अहवाल बाजूला ठेवावा.

पायरी ६ : सुरक्षिततेच्या चाचण्या

सामर्थ्याचा एकच अहवाल दाखवून ‘संपूर्ण तपासलेले’ म्हणणारे विक्रेते पुष्कळ आहेत. रुग्णाच्या दृष्टीने मला सुरक्षिततेच्या चाचण्या अधिक मोलाच्या वाटतात, आणि मुंबईत त्यांतही बुरशीची चाचणी पहिली.

जुलै-ऑगस्टमध्ये या शहरात पापड नरम पडतात त्या हवेत पानांची पूड किंवा चूर्ण कागदी पुडीत ठेवले, की त्यातला ओलावा वाढतो. बुरशी वाढेल का हे एकूण ओलाव्यापेक्षा ‘जल सक्रियता’, म्हणजे बुरशीला वापरता येणारे मोकळे पाणी, या मापावरून चांगले कळते, ती ०.६५ च्या खाली ठेवली तर बहुतेक बुरशींना वाढता येत नाही. ॲस्परजिलस फ्लेव्हससारख्या बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करतात. हे विष यकृताला घातक असते आणि घरगुती उष्णतेने नष्ट होत नाही, त्यामुळे बुरशी झटकून किंवा पूड भाजून माल ‘सुधारत’ नाही. बुरशी मेली तरी विष राहते, म्हणूनच जिवाणू-बुरशी मोजणी आणि अफ्लाटॉक्सिन या दोन वेगळ्या चाचण्या आहेत आणि दोन्ही असाव्या लागतात. पोटात घेण्याच्या वनौषधींसाठी भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाच्या मर्यादांत एकूण जिवाणू ग्रॅमला १ लाख, यीस्ट व बुरशी ग्रॅमला १ हजार, आणि ई. कोलाय, साल्मोनेला, स्यूडोमोनस एरुजिनोसा व स्टॅफिलोकॉकस ऑरियस मुळीच नकोत, असे आहे. अफ्लाटॉक्सिन बी-१ साठी मर्यादा ०.५ पीपीबी, म्हणजे अब्जात अर्धा भाग, आहे. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असते, तेव्हा त्याच्यासाठी हा भाग कोरा असलेला अहवाल अपुराच समजावा. उत्पादनानंतर पावसाळाभर गोदामात राहिलेल्या चूर्णाला जानेवारीतला अहवाल कितपत लागू होतो, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

जड धातूंचे कारण झाडाच्या स्वभावात आहे. हे झाड जमिनीतले धातू मुळांवाटे भरपूर शोषून घेते. या गुणामुळे दूषित जमीन साफ करण्यासाठीही त्याच्या लागवडीचा विचार झाला आहे. हिमालयाच्या पायथ्याशी रस्त्याकडेला आपोआप उगवलेली पाने ‘रानातली, म्हणून शुद्ध’ असे सांगून विकली जातात, पण वाहनांच्या धुराजवळच्या मातीतले शिसे त्यांत उतरू शकते. आयसीपी-एमएस या उपकरणावर चार धातू मोजले गेले आहेत का पाहावे : शिसे १० पीपीएमपर्यंत (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग), आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. या मर्यादा निव्वळ वनौषधींच्या आहेत. भस्म किंवा रसौषधी मिसळलेल्या कल्पांना त्या तशाच लावता येत नाहीत.

कीटकनाशकांच्या बाबतीत यादीची लांबी विचारावी. ‘कीटकनाशके : आढळली नाहीत’ ही एक ओळ पाच द्रव्यांसाठीही लिहिता येते आणि दोनशेंसाठीही. प्रत्येक द्रव्याचे नाव असलेली पुरवणी जोडलेली हवी.

अर्क काढताना वापरलेले द्रावक मागे राहतात का, हे हेडस्पेस गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजतात. औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा हेक्झेनला २९० पीपीएम, मिथेनॉलला ३,०००, इथेनॉलला ५,००० आणि बेन्झिनला केवळ २ अशा आहेत. ‘आम्ही कार्बन डायऑक्साइडने अर्क काढतो, म्हणून द्रावकाचा प्रश्नच नाही’ हे उत्तर अर्धे खरे असते, कारण त्यानंतर मेण वेगळे करण्यासाठी तोच अर्क अनेकदा इथेनॉलमध्ये विरघळवून गोठवतात.

येथे २०१९ ची अमेरिकेतली घटना लक्षात ठेवण्यासारखी आहे. टीएचसीच्या व्हेपिंग काडतुसांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळले गेले आणि फुप्फुसांच्या गंभीर इजा होऊ लागल्या. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथील रोगनियंत्रण केंद्राने रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा दगावलेल्या २,८०७ जणांची नोंद केली, त्यांत ६८ मृत्यू होते. यातला बराचसा माल बेकायदा बाजारातला होता. पण तोवर हे द्रव्य नेहमीच्या चाचण्यांच्या यादीतही नव्हते. उपकरणाला जे शोधायला सांगितले जाते तेच ते शोधते. म्हणून घटकद्रव्यांची पूर्ण यादी न देणाऱ्या उत्पादनाचा चांगला अहवालही मला पुरेसा वाटत नाही.

पायरी ७ : स्वतः नमुना तपासून घ्यायचा असेल तर

विक्रेत्याला ही पायरी कधीतरी लागतेच. आधी प्रयोगशाळेला उत्पादनाचे नाव, परवाना क्रमांक आणि हव्या असलेल्या चाचण्या लिहून कोटेशन मागवावे आणि असा नमुना त्या स्वीकारतात का हे लेखी घ्यावे. किती माल लागेल हेही तेव्हाच विचारावे, कारण सगळ्या चाचण्या एका बाटलीत भागत नाहीत. खरेदीचे बिल आणि औषध असेल तर चिठ्ठीची प्रत सोबत ठेवावी.

बाटल्या सीलबंद, एकाच बॅचच्या आणि मूळ वेष्टनात असाव्यात. जिवाणूंच्या चाचणीची बाटली घरी उघडलेली अजिबात चालत नाही. एक बाटली राखीव म्हणून स्वतःकडे, अंधारात आणि थंड जागी ठेवावी. निकालाबद्दल वाद झाला तर तीच उपयोगी पडते. एप्रिल-मे महिन्यांत गमी किंवा चॉकलेट कुरिअरने पाठवणे टाळावे. ते वितळून पुन्हा घट्ट झाले की आतला अर्क एका बाजूला साचतो आणि मग कोणता तुकडा तपासला यावर आकडा बदलतो. चॉकलेटमध्ये अडचण मुळातच जास्त, कारण त्यातली स्निग्धता आणि कोको मोजणीत अडथळा आणतात. त्या पदार्थासाठी पद्धत पडताळलेली आहे का, हा प्रश्न थेट विचारावा. तेल असेल तर तळाशी साका बसलेला असू शकतो, तेव्हा नमुना घेण्यापूर्वी बाटली हलवून एकजीव करावी अशी सूचना फॉर्मवर लिहावी.

फॉर्ममध्ये ‘मापनातील अनिश्चितता कळवावी’ असा पर्याय असेल तर त्यावर खूण करावी. ०.२९ टक्के आणि ०.२९ अधिक-उणे ०.०३ टक्के यांत मर्यादेजवळच्या मालासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन प्रयोगशाळांचे आकडे तंतोतंत जुळले नाहीत म्हणून लगेच कोणाला खोटे ठरवू नये. दोन्हींच्या अनिश्चिततेचे पट्टे एकमेकांवर येतात का ते पाहावे. उलट, सलग अनेक बॅचचे आकडे दशांशापर्यंत सारखे असतील, तर मात्र संशय घ्यावा. झाडातून निघणारा माल इतका एकसारखा नसतो. एकापाठोपाठ एक प्रयोगशाळा पालथ्या घालून सर्वांत सोयीचा आकडा छापायचा, हा प्रकार परदेशात या धंद्याला लागलेला जुना रोग आहे. त्यामुळे कंपनीने वर्षात प्रयोगशाळा वारंवार बदलली असेल, तर कारण विचारायला संकोचू नये.

पायरी ८ : निकाल गैर निघाला तर

औषधाच्या बाबतीत तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. लेबलचे सर्व बाजूंनी फोटो, बिल, बॅच क्रमांक आणि दोन्ही अहवाल, म्हणजे कंपनीचा आणि आपला, सोबत जोडावेत. आपण करून घेतलेली खासगी चाचणी तक्रारीला आधार देते, पण कारवाईसाठी प्रशासन स्वतः रीतसर नमुना घेते. म्हणून दुकानातला त्याच बॅचचा माल संपण्यापूर्वी कळवलेले बरे. औषध चालू असलेल्या रुग्णाने ते मनाने एकदम बंद करण्याऐवजी त्याच दिवशी वैद्यांना किंवा डॉक्टरांना फोन करावा.

हेम्पच्या बिया किंवा तेल असे अन्न असेल, तर अन्नसुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४० चा उपयोग होतो. या कलमाने साध्या ग्राहकालाही ठरावीक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेता येतो. अट अशी की खरेदी करतानाच दुकानदाराला तसा हेतू सांगावा लागतो. पदार्थ कायद्याचे उल्लंघन करणारा निघाला, तर भरलेले शुल्क परत मिळण्याची तरतूदही त्याच कलमात आहे.